कोरियाचे बारा डबे

अकोला, ९ जानेवारी २०२५, गुरुवार

आज खोका आला. ज्योत्स्ना रोज फोनमध्ये पाहून सांगत होती, बाबा आता मुंबईत आहे, आता कस्टमवाल्यांनी उघडला, आता नागपूरले गेला. अकोल्याचा माल नागपूरले कशाले जाते? आमच्या एसटीत असं झालं असतं तर लोकांनी आम्हाले फाडून खाल्लं असतं.

आत बारा डबे निघाले. एकेक डबा जाड पुठ्ठ्याच्या पेटीत, वरून सोनेरी फीत बांधलेली. पोट्टीनं एक उघडून दाखवला. पांढरा, चौकोनी, दीडेक किलो लोणचं मावेल एवढा. वरचं झाकण चारी बाजूंनी खटके लावून बसते अन् आत आणखी एक झाकण आहे. ते लोणच्यावर दाबून बसवायचं, म्हणजे आत हवा राहत नाही. कोरियाचे लोक कोबीचं आंबट-तिखट लोणचं घालतात, त्याच्यासाठी बनवलेलं. बुडाला अन् पेटीवरही इंग्रजीत शिक्का: नमुना, विक्रीसाठी नाही.

म्या म्हटलं, "विकायचंच नाही तर मागवलं कायले?"

"बाबा, आधी लोकं वापरून पाहतील. कंपनी लहान आहे, इथलं त्यांना काहीच माहीत नाही. आपलं तेलाचं लोणचं, हळद, तिखट, याच्यात डबा टिकतो का ते पाहायचंय."

पुण्याच्या कोरियन कंपनीत ज्योत्स्ना दुभाषी होती, तीन महिने झाले इथी घरी आली आहे. तिथी तिची ह्वांगबाईशी ओळख झाली, ती या डब्याच्या कंपनीत कामाले आहे अन् डबा तिनंच बनवला. सौदा असा आहे की डबे परक्या घरी द्यायचे, तीन आठवडे लोणचं भरून वापरू द्यायचे, मग दोन-चार वापरलेले डबे परत कोरियाले पाठवायचे. मालकांना पटलं तर वऱ्हाडातलं सारं काम ज्योत्स्नाकडं, अन् ती इथीच राहील. नाही पटलं तर पुणं. तिथल्या ऑफिसानं तिची खुर्ची फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत धरून ठेवली आहे.

माझं मत लिहून ठेवतो. तिनं पुण्याले जावं. माझा बाप दुसऱ्याच्या वावरात सालदार होता. म्या अकोल्याच्या स्टँडवर भोंग्यात गाड्या पुकारल्या. आमच्या घरात विमानात बसलेली ही पहिली. तिनं परत येऊन अकोल्यात डबे विकायचे? आजही हे तिले तोंडावर सांगितलं, तर ती डबे मोजू लागली. 

बाजारातून पेरू आणले. तिले आवडतात म्हणून नाही, चांगले दिसले म्हणून.

११ जानेवारी, शनिवार

घरचा डबा धरायचा नाही ही कंपनीची अट. एक दुकानदारायले दाखवाले ठेवला, बाकी अकरा परक्या घरी गेले पाहिजेत. परकं कोणाले म्हणायचं याच्यावर सकाळपासून वाद. शेवटी माझी बायको भागीरथा म्हणाली, "अवो, सुभद्राबाईले द्या ना. तिले अर्धं अकोला वयखते."

सुभद्रावयनी म्हणजे आमच्या शेजारच्या खुशालरावांची बायको. बोरगावकडं त्यांची काळी जमीन आहे. माणसं मनमोकळी. ज्योत्स्नानं अकराही डबे तिच्या ओसरीत नेऊन रचले अन् पुणेरी भाषेत सांगू लागली, "काकू, तुमच्या ओळखीच्या चांगल्या घरांत द्या. मला नंतर फक्त त्यांचं मत पाहिजे."

वयनीनं एक पेटी फिरवून फिरवून पाहिली. फीत पाहून तर ती हरखूनच गेली. "देतो ना बाई. लय बरं झालं. म्या इचारच करून राह्यली होती, यंदा काय द्यावं."

यंदा काय द्यावं म्हणजे काय, ते मले समजलं नाही. वयनीले नेहमीच कशाचा ना कशाचा विचार पडलेला असते.

१६ जानेवारी, गुरुवार

मानलं बुवा सुभद्रावयनीले! काल संध्याकाळपासून तिच्या दारात बायांची रीघ. सगळ्या नटूनथटून, कोणी काळ्या साडीत, कोणी जरीच्या. अन् बाहेर येताना हातात आमच्याच पेट्या, सोनेरी फीत चमकून राहिली. म्या ज्योत्स्नाले खिडकीपाशी बोलावून दाखवलं. म्हटलं, "पाह्य, तुझ्या कामासाठी बाया नटून येऊन राहिल्या. पुण्यात येतीन का अशा?"

ती लय खूश झाली. ह्वांगबाईले तिनं लगेच कोरियनमध्ये कळवलं. ते बोलणं ऐकाले मले आवडते, समजत काही नाही. भागीरथा म्हणे, "बाया इतक्या नटून काहून येऊन राह्यल्या पण?" म्या म्हटलं, परदेशी माल आहे, एवढं तर होणारच.

हे चालून गेलं तर पोट्टी पुण्याले जाणार नाही, ही एक अडचण आहेच. तिच्या खोलीच्या पंख्याले आज तेल दिलं. आवाज करत होता.

२० जानेवारी, सोमवार

ज्योत्स्नानं वयनीकडून नंबर घेऊन बायांले फोन लावले. सगळ्यांचं उत्तर एकच: लय सुंदर. एक म्हणे दिसाले छान. दुसरी म्हणे रंग गोड. लोणचं कसं राहिलं विचारलं की तिकडून, "हो हो, छान." ज्योत्स्ना म्हणाली, "बाबा, काहीतरी गडबड आहे. तेल झिरपलं का, वास लागला का, कोणीच सांगत नाही."

म्या म्हटलं, "आपल्याकडची माणसं भली आहेत. दिलेल्या वस्तूले नावं ठेवत नाहीत."

मनातून मलेही खटकलं. वऱ्हाडी बाई अन् वस्तूत खोट काढणार नाही? आमच्या घरचीच पाहा.

२२ जानेवारी, बुधवार

घ्या! गाढवाले गुळाची चव काय म्हणतात, अन् इथी आम्हीच गाढव निघालो.

ज्योत्स्ना सकाळी अपेक्षा नावाच्या बाईकडं गेली, जठारपेठेत, म्हटलं डोळ्यानंच पाहू लोणचं. अपेक्षाबाईनं चहा दिला, तिळाचे लाडू दिले. डबा कुठी आहे विचारलं तर म्हणे, "तो त म्या पुढी देल्ला ना जावेले!" पोट्टी पांढरी पडून घरी आली. आम्ही तिघं तसेच वयनीकडं.

"वयनी, डबे वापराले दिले होते ना?"

"वापराले?" वयनीचे डोळे एवढे मोठे. "अन् तुमची पोरगी त म्हने, वयखीच्या घरी द्या. त्याच्यावर लिवलं होतं ना भाऊ, इकाले नाई म्हनून. आमच्या सुनेनं वाचून दाखवलं. इकाचं नाई, त मंग वाटाचंच असन ना? म्या संक्रांतीच्या वाणात लुटले."

खुशालराव बाजेवर बसून सुपारी कातरत होते. ते खो खो हसले. "धर्मपालभाऊ, तुमी बी कमाल केली. संक्रांत तोंडावर, अन् नवे कोरे अकरा डबे आमच्या घरवालीच्या हाती! मांजरीले दूध राखाले सांगतलं."

कोणाले बोलणार? माझ्या आजीनं छप्पन साली दीक्षा घेतली अन् देव पाण्यात सोडले, तेव्हापासून आमच्या घरात ना हळदीकुंकू ना वाण. आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. वयनीनंच मग नीट समजावलं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सवाष्ण बाया एकमेकींले घरी बोलावतात, कुंकू लावतात अन् काहीतरी वस्तू हातात देतात. अन् आलेली वस्तू चांगली असली तर कोणी उघडतच नाही. ती ठेवायची अन् आपल्या घरच्या हळदीकुंकवाले पुढच्या बाईले द्यायची. म्हणजे आमचे डबे लोणच्याचं तोंडही न पाहता घरोघर फिरून राहिले.

ह्वांगबाईची मालकांसोबत बैठक पाच फेब्रुवारीले आहे. त्याच्या आत त्यांना वापरलेला डबा पाहिजे. आता नव्यानं लोणचं घालून तीन आठवडे कुठून आणायचे?

वयनी रडकुंडीले आली. ज्योत्स्ना तिले म्हणाली, "काकू, तुमची नाही, माझीच चूक. मी नीट सांगितलं नाही." घरी आल्यावर दार लावून बसली. म्या दारापुढून चार वेळा गेलो. पाचव्या वेळी म्हटलं, "मी सांगितलंच होतं, पुणं बरं." भागीरथानं माझ्याकडं असं पाहिलं की म्या चप्पल घालून बाहेर निघून गेलो.

२३ जानेवारी, गुरुवार

सुभद्रावयनी पदर खोचून निघाली. वाण परत मागणं म्हणजे लाज सोडणं, तरी ती माझ्या स्कूटरवर मागं बसून घरोघर हिंडली. खुशालराव म्हणे, आमच्या लग्नालेही इतकी हिंडली नव्हती.

कपाटातून, पलंगाखालून, एक तर देव्हाऱ्याच्या फळीवरून निघाला. सगळ्यांची फीत जशीच्या तशी. एकीनं डबा हाती दिला खरा, पण म्हणाली, "भाऊ, आता मी परवाच्या बायायले काय देऊ?" तिले स्टीलच्या वाट्या आणून द्याव्या लागल्या. एका बाईनं वापरला होता म्हणून आम्ही हर्षलो, तर आत शिवणाचे दोरे.

अकोल्यातले सगळे डबे झाले. एक बाहेरगावी गेला आहे, वयनीच्या भाचीकडं. रागिणी नाव, अमरावतीले राहते. वयनीनं फोन लावला तर रागिणी म्हणाली, "मावशी, तो मी वलगावले दिला." अन् मग, "त्याच्यात लोणचं भरलंय बहुतेक."

ज्योत्स्ना उडालीच. पण तिले उद्या ह्वांगबाईशी बोलायचं आहे, काहीतरी सावरून सांगायचं आहे. म्या म्हटलं, मले तसंही अमरावतीले काम आहे. काय काम, हे कोणी विचारलं नाही ते बरं झालं.

२४ जानेवारी, शुक्रवार

भागीरथा सोबत आली. बायांले सवलत आहे, म्हणून तिचं तिकीट अर्धं, माझं पूर्ण. सारी उमर एसटीले दिली अन् एसटीनं मान दिला बायकोले. मूर्तिजापूरपर्यंत ती हेच ऐकवत होती.

अमरावतीत रागिणीचं घर सापडलं. शाळेत शिकवते, चांगली पोरगी. ती थोडी घुटमळली, मग म्हणाली, "काका, खरं सांगू का? तो वाण म्हणून नाही दिला. आमच्या चुलतसासू आहेत वलगावले, तानुबाई. त्यायचे मालक वारले. त्यायले हळदीकुंकवाले कोनी बोलावत नाई, वाण देत नाई. मी म्हटलं असाच नेऊन द्यावा. मागच्या दारानं गेले, कोनाले दिसू नये म्हणून."

म्हणजे डबा तिथीच थांबला, कारण तानुबाईले तो पुढं देताच येत नाही.

वलगावले उतरून विचारत विचारत गेलो. गल्लीच्या टोकाले घर. म्हातारी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. बाजूले शेळी, अन् शेळीच्या गळ्यात आमची सोनेरी फीत. अकोल्याहून आलो, रागिणीच्या ओळखीचे, एवढं सांगितलं. तिनं आडनाव विचारलं. म्या सांगितलं, तायडे. ती उठून आत गेली. चहा आला तो तिच्याच कपासारख्या कपात, अन् कप तिनं माझ्या हातात दिला. म्या ते पाहतोच. सवय आहे, जात नाही.

डबा चुलीजवळच्या फळीवर होता. हिरव्या मिरचीचं लोणचं, वरपर्यंत भरलेलं. पांढरं प्लास्टिक पिवळं पडलं होतं. म्या सहज विचारल्यासारखं विचारलं, "नवा दिसते डबा."

"मायी सून देऊन गेली." ती एकदम खुलली. "मालक गेल्यापासून माह्या घरी संक्रांत येत नाई भाऊ, वरच्या रस्त्यानंच जाते. कोनी तिळाचा दाणा हातावर ठेवत नाई. यंदा हे पोरगी आली अन् म्हने घ्या काकू, तुमच्यासाठी आनला. म्या त्याच दिवशी मिरच्या आनल्या. कोनी आलं की दाखवतो. तुमी चाखता का?"

चाखलं. झणझणीत. डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीचं होतं असं म्या तिले सांगितलं.

आता मले फक्त म्हणायचं होतं की बाई, हा डबा आम्हाले परत पाहिजे, त्याच्या बदली नवा देतो. नवा माझ्या पिशवीतच होता, फितीसकट. पिशवीत हात घातला अन् तसाच बाहेर काढला. भागीरथाकडं पाहिलं तर ती म्हातारीले सांगत होती, "आमचं इथी वलगावात काम होतं, म्हनून भेटलो सहज."

परतीच्या गाडीत नव्या डब्याची पिशवी माझ्या मांडीवरच होती. घरी ज्योत्स्ना दारातच उभी. म्या म्हटलं, "नाही सापडला."

२६ जानेवारी, रविवार

डेपोत झेंडावंदनाले गेलो. जुने लोक भेटले. देवमन ड्रायव्हर म्हणे, पोरीचं काय चाललं? म्या म्हटलं, पुण्याले जाते परत. सगळे म्हणाले वा वा, चांगलं झालं. जिलबी दिली, ती तशीच कागदात बांधून आणली.

घरी येऊन पाहतो तर ज्योत्स्ना ऑफिसचे कपडे इस्त्री करून राहिली. हेच तर मले पाहिजे होतं. मग छातीवर दगड ठेवल्यासारखं काहून होऊन राहिलं, समजत नाही. पित्त असावं.

२८ जानेवारी, मंगळवार

सांगून टाकलं.  आपल्या पोरीचं काम एका अनोळखी म्हातारीपायी बुडवलं, हे कोणत्या बापानं केलं असन? नाश्त्याले बसलो होतो, पोहे पुढं होते. म्या म्हटलं, "ज्योत्स्ना, डबा सापडला होता. लोणचं भरलेला. म्या मागितला नाही." अन् सारं सांगितलं, शेळीच्या गळ्यातल्या फितीपर्यंत.

मले वाटलं ओरडंल. तिनं पोह्यांची बशी बाजूले सारली. मग भागीरथाले म्हणाली, "आई, तू पण?"

भागीरथा म्हणाली, "म्या त नवा डबा पिशवीतून काढूच देल्ला नसता यायले."

पोट्टी हसाले लागली. हसता हसता डोळे पुसले. "निदान फोटो तरी काढायचा ना बाबा!" ते खरंच माझ्या डोक्यात आलं नाही. चूक ती चूक.

कोरियात नव्या वर्षाची सुट्टी आहे, ऑफिस बंद. शुक्रवारी उघडते. ज्योत्स्ना म्हणाली, आपण वलगावले जाऊ अन् तिथूनच व्हिडिओ लावू. डबा नाही तर डबेवाली तरी दाखवू.

३१ जानेवारी, शुक्रवार

आजचा दिवस विसरणार नाही.

तानुबाईले ज्योत्स्नानं सगळं खरं सांगितलं, की हा डबा ज्यांनी बनवला त्या बाईले तुमच्याशी बोलायचं आहे. म्हातारी घाबरली नाही. लुगडं बदलून आली अन् फोनसमोर मांडी घालून बसली. फोनवर ह्वांगबाई. गोल चेहरा, चष्मा, पन्नाशीची असन. तिनं मान वाकवून नमस्कार केला. तानुबाईनं हात जोडले अन् मले विचारलं, "यायच्या तिकडं जेवनं झाले का?"

मग जुंपली. ह्वांगबाई विचारे, ज्योत्स्ना मराठीत सांगे, तानुबाई वऱ्हाडीत ठोकून देई. वास बाहेर येते का? "नाई येत. मांजर बी फिरकत नाई." तेल झिरपलं का? "नाई." काही त्रास? "हाय ना! ते आतलं झाकण. ते धराले काईच नाई. माह्या बोटायनं निघत नाई, सांडशीनं वढतो. बनवनाऱ्यानं कदी म्हातारी पाह्यली नाई का?" ज्योत्स्ना हे सांगाले घाबरली, पण सांगितलं. ह्वांगबाईनं वहीत लिहून घेतलं अन् मोठ्यानं हसली. डबा उलटासुलटा करून दाखवला, रबर काढून दाखवलं, पिवळा डाग दाखवला.

शेवटी ह्वांगबाई काहीतरी म्हणाली अन् ज्योत्स्ना थबकली. तानुबाई हुशार. तिनं विचारलं, "काय म्हने? डबा वापस मांगून राह्यली का?"

ज्योत्स्ना म्हणाली, "नाही काकू, तुमच्या लोणच्याचं कौतुक करतेय." अन् मग फोनकडं वळून कोरियनमध्ये बराच वेळ बोलली, हळू आवाजात. काय बोलली ते मले काय समजते? ह्वांगबाईनं चष्मा काढून पुसला, मान हलवली, अन् तानुबाईले पुन्हा वाकून नमस्कार केला, पहिल्यापेक्षा जास्त खाली.

गाडीत बसल्यावर ज्योत्स्नानं एवढंच सांगितलं की वाणाची गोष्ट ऐकून ह्वांगबाई म्हणाली, आमच्याकडं नव्या वर्षाले मिळालेल्या भेटीही कोणी उघडत नाही, पुढच्याले देतात. तिच्या कपाटात अशा पेट्या भरल्या आहेत म्हणे. म्हणजे बाया सगळीकडं सारख्याच.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज तिकडं बैठक. दिवसभर काही कळलं नाही. पुण्याहून मात्र दोनदा फोन, काय ठरलं म्हणून. ज्योत्स्ना म्हणाली सोमवारी सांगते. म्या अंगणातली फुटकी फरशी बसवली. भागीरथा म्हणे सिमेंट ओलं आहे, पाय देऊ नका, अन् म्याच पाय दिला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जीव भांड्यात पडला! आलं, हो आलं. दुपारी जेवताना ज्योत्स्नाचा फोन वाजला अन् ती उष्ट्या हातानं अंगणात पळाली. पहिला माल उन्हाळ्यात, आंब्याच्या लोणच्याच्या आधी. आतल्या झाकणाले धराले कडी बसवणार. पुढच्या संक्रांतीसाठी छोटे डबे, पेटी अन् फीत हीच. वऱ्हाडाचं काम ज्योत्स्नाकडं. सुभद्रावयनी भिंतीवरून ओरडली, "म्या म्हनत नव्हती? वाणाचं जे असते ते चालतेच!" ती असं कधीच म्हणाली नव्हती. पण आज तिले कोण अडवते.

खुशालरावांनी पेढे आणले. भागीरथा तानुबाईले फोनवर सांगत होती अन् तिकडून म्हातारी विचारत होती, "मंग कडी कदी बसवतीन?"

मले इतकं हलकं वाटलं की दुपारी पडल्या पडल्या झोप लागली. संक्रांतीपासून अशी झोप लागली नव्हती.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पाहतो तर ज्योत्स्नाची बॅग अजून भरलेलीच. खाटेखाली, कुलपासकट. म्या भागीरथाले विचारलं, हे काय? काम तर मिळालं ना?

भागीरथा कणीक मळत होती. ती थांबली नाही. "तुमीच तिले रोज जा जा करून राह्यले. लेकरू बापाच्या मनाविरुद्ध कसं राहीन? ते काल मले म्हने, आई, इकडचं काम पुण्यात बसूनही करता येईल, बाबांना तरी बरं वाटंल."

मी तिथीच वेताच्या मोढ्यावर बसलो. मले बरं वाटंल म्हणून! चार महिने म्या तिले सांगत होतो की इथी तुझं भलं नाही. माझा बाप ज्या मातीत राबला त्याच मातीत तू परत काहून येते, असं मनात होतं. अन् ती ऐकत होती की बाबाले मी घरात नको. हे म्या कधी म्हटलं? म्हटलं नाही, पण दुसरंही काही म्हटलं नाही. ती आली तेव्हापासून घराले घर वाटते. सकाळी तिच्या खोलीतून कोरियन बडबड ऐकू आली नाही तर मले चहा गोड लागत नाही. हे सारं मले माहीत होतं. आज पहिल्यांदा लिहून राहिलो.

अकरा वाजता पुण्याचा फोन आला. ज्योत्स्ना अंगणात होती. तिनं नंबर पाहिला, उचलला नाही, माझ्याकडं पाहिलं. फोन वाजत होता.

"बाबा, काय सांगू?"

आयुष्यभर भोंग्यात बोललो. स्टँडच्या पलीकडच्या माणसाले ऐकू जाईल असा आवाज माझा. आज मात्र पुटपुटल्यासारखाच निघाला. 

"राह," म्हटलं.

"काय?"

"राह म्हटलं, इथी. कंपनीसाठी नाही. आम्हाले पाहिजे तू."

तिनं फोन उचलला अन् पुण्याले नाही म्हणून सांगितलं.  मग आत जाऊन बॅग ओढली, कुलूप काढलं, कपडे कपाटात लावू लागली. भागीरथाले म्या चहा मांडाले सांगितलं, तर म्हणे, माझे हात कणकेचे आहेत, तुम्हीच मांडा. मांडला. साखर दुप्पट पडली. दोघींनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.